काळवथरीतला समुद्र

दख्खनच्या काळ्या दगडात एखादे वेटोळे दिसले की ते प्राचीन समुद्रातील जीवाचे, उभी नळी दिसली की ती त्याच्या बाहूची आणि सारख्या चकत्यांची रांग दिसली की ती त्या बाहूवरील चूषकांची, असा अर्थ लावण्याचा मोह पाहणाऱ्याला सहज होतो, आणि त्या मोहाच्या पाठीशी एक युक्तिवादही उभा केला जातो : हिमालयात जर सागरी शंख सापडतात, तर सह्याद्रीच्या आसपास ते का सापडू नयेत, आणि एकदा समुद्र मान्य केला की त्यात आजच्या माकुलाचे महाकाय भाऊबंद का मान्य करू नयेत? माकूल, म्हणजे कोकणच्या बंदरांवर म्हाकूल किंवा माखली या नावांनीही ओळखला जाणारा, डोक्यालाच बाहू फुटलेला मऊ अंगाचा प्राणी, ज्या गटात मोडतो त्या गटाला प्राणिशास्त्रात शीर्षपाद म्हणतात. या गटाच्या इतिहासाविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात पुराव्यापेक्षा आकाराला आणि मोजलेल्या आकारापेक्षा कल्पिलेल्या आकाराला अधिक किंमत मिळते, आणि हा दोष केवळ हौशी माणसांचा नसून क्वचित विद्यापीठांतील विद्वानांचाही आहे.

या समजाची परीक्षा घ्यायला दापोडीइतके सोयीचे ठिकाण थोडे असेल. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळची ही वस्ती आज हॅरिस पूल, एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे ओळखली जाते. परंतु पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांच्या फार आधी निसर्गाच्या शास्त्रशुद्ध नोंदींशी तिचा संबंध जडला होता. पेशव्यांच्या पदरी असलेल्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा येथील बंगला १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने सरकारसाठी विकत घेतला आणि तेथे वनस्पतिउद्यान उभे राहिले. पुढे अलेक्झांडर गिब्सन याच्या देखरेखीखाली त्या बागेतील वनस्पतींची जी चित्रे काढली गेली ती ‘दापुरी चित्रे’ म्हणून आजही अभ्यासकांना परिचित आहेत. याच काळात कर्नल विल्यम हेन्री साइक्स दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत होता आणि येथील भूरचनेवर त्याने लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेसाठी विस्तृत निबंध लिहिला. या साइक्सनेच कच्छमधून कॅप्टन स्मी याने गोळा केलेल्या जीवाश्मांवरही स्वतंत्र टिपण सादर केले, ही गोष्ट प्रस्तुत वादात महत्त्वाची आहे. ज्या माणसाला दगडातला शंख ओळखता येत होता त्याने वर्षानुवर्षे दख्खन पायाखाली घातली, आणि तरीही सागरी शंखांविषयी लिहिताना त्याला कच्छचेच नमुने पुढे करावे लागले. न पाहिल्यामुळे सापडले नाही, ही सबब दख्खनच्या बाबतीत चालण्यासारखी नाही.

दापोडीखालचा दगड बेसाल्ट आहे, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वर आलेल्या, सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाच्या लाव्हारसाचा थिजलेला थर. बांधकामात त्याला काळवथरी म्हणतात, घडवून फाडी काढली की ती भिंतीत जाते, फोडून खडी केली की काँक्रीटमध्ये, आणि कुजून भुगा झाला की त्याला मुरूम म्हणतात. असे थर एकावर एक साचून आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतात, आणि भूवैज्ञानिक त्यांना दक्खन ट्रॅप हे नाव देतात. अशा रसात जीव सापडला तर त्याचे काय होईल हे सांगायला शास्त्रज्ञाची गरज नाही. जीवाश्म तयार होतो तो चिखलात, वाळूत, चुनखडीच्या गाळात, जेथे मेलेला प्राणी हळूहळू गाडला जातो आणि त्याच्या कवचाची जागा खनिजे घेतात. हिमालय घडला तो समुद्रतळाच्या अशा गाळापासून आणि दख्खनचे पठार घडले ते लाव्हापासून. तेव्हा ‘तेथे सापडते तर येथे का नाही’ हा प्रश्न चुलीतल्या निखाऱ्यात मासळी का सापडत नाही असे विचारण्यासारखा आहे.

मग वेटोळी आणि नळ्या येतात कोठून? त्याचे उत्तर लाव्हाच्या वाहण्यात आहे. पुण्याच्या परिसरातील बरेच थर संथ वाहणाऱ्या लाव्हाचे आहेत, ज्याची वरची त्वचा आधी थिजते आणि आतला रस पुढे सरकतच राहतो. तापल्या दुधावरची साय सरकावी तशी ती त्वचा मुडपते, आणि दोरखंड गुंडाळून ठेवल्यासारख्या वळ्या दगडावर कायमच्या उमटतात. थराच्या तळाशी ओलसर जमिनीतून वाफ आणि वायू वर चढतात तेव्हा बोटाएवढ्या उभ्या नळ्या तयार होतात, त्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरतात, आणि काळ्या अंगावर पांढऱ्या नळ्यांची अशी रांग दिसते की तिला कोणी बाहूंचा गुच्छ म्हटले तर नवल वाटू नये. मुरमात कांद्याच्या पापुद्र्यांसारखे गोल सुटणारे धोंडे हा तिसरा प्रकार; तो पाण्याने दगड कोपऱ्यांकडून कुजत आत गेल्याचा परिणाम आहे. याच पोकळ्यांनी पुण्याजवळच्या दगडखाणींना जगाच्या खनिजसंग्राहकांत नाव मिळवून दिले, आणि वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्रहालयांत पोहोचला आहे. स्वतःच्या दगडात असे ऐश्वर्य असताना त्यावर उसन्या समुद्राचे आरोपण करण्याची हौस थोडी केविलवाणीच म्हणावी लागेल.

येथवर आलेला प्रतिपक्ष सहसा माघार घेत नाही, तो खाली सरकतो. लाव्हात नसेल तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये असेल, तेथे नसेल तर सगळ्या लाव्हाच्या तळाशी असेल, असे तो म्हणतो. आणि या दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश असल्यामुळे त्यांचा विचार अधिक काळजीने करावा लागतो. दोन उद्रेकांमधल्या शांत काळात पठारावर तळी साचत, त्यांच्या गाळात जीव गाडले जात, आणि पुढचा लाव्हा त्यावरून पसरे. अशा थरांना अंतर्ट्रॅपी थर म्हणतात. नागपूरच्या टाकळी येथील असे थर स्टीफन हिस्लॉप याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासले, मुंबईच्या वरळी परिसरातील थरांतून लहान बेडकांचे सांगाडे मिळाले, आणि फायसा या गोगलगायीचे वेटोळे शंख तर विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत मिळतात. पण बेडूक आणि फायसा हे गोड्या पाण्याचे जीव होत. आज जिवंत असलेल्या शेकडो शीर्षपादांपैकी एकही जाती गोड्या पाण्यात राहत नाही. तेव्हा तळ्याच्या गाळातून माकुलाचा भाऊबंद काढू पाहणाऱ्याने आधी त्या तळ्यात मीठ कोठून आले ते दाखवले पाहिजे. आंध्रातील राजमहेंद्रीजवळ समुद्रकाठचे आणि छिंदवाड्यातील झिलमिली येथे सूक्ष्म सागरी जीवांचे पुरावे अशा थरांत सापडले आहेत, हे खरे. पण ते त्या त्या ठिकाणचे पुरावे आहेत आणि मुळा-पवनेच्या संगमापर्यंत त्यांचा हक्क पोहोचत नाही.

तळाची गोष्टही अशीच. नर्मदेच्या खोऱ्यात, धार जिल्ह्यातील बाघ येथे, लाव्हाच्या खाली क्रिटेशस काळातील सागरी थर आहेत आणि त्यांत अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या कवचाचे नामशेष शीर्षपाद, सापडतात. कच्छच्या जुरासिक थरांतील अमोनाइटांवर व्हिल्हेल्म वागेन याने १८७३ ते १८७५ या काळात आणि एल. एफ. स्पाथ याने १९२७ ते १९३३ या काळात मोठे ग्रंथ लिहिले. तमिळनाडूतील अरियलूर-तिरुचिरापल्ली भागातील क्रिटेशस शीर्षपादांचे वर्णन फर्डिनांड श्टोलिच्का याने त्याही आधी केले होते. भारताच्या कडांवर समुद्र येऊन गेला याबद्दल वादच नाही. वाद आहे तो पठाराच्या पोटाविषयी, आणि तेथे कल्पनेऐवजी गिरमिट चालवून पाहिले गेले आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रात सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली जेमतेम आठ मीटर गाळ आणि त्याखाली स्फटिकी पाया लागला. कोयनेच्या परिसरात ९३० मीटरांहून अधिक बेसाल्ट ओलांडल्यावर थेट ग्रॅनाइटी पायाच हाती आला. दोन-चार छिद्रांनी सगळे पठार तपासले जात नाही, असा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्तही आहे. मात्र हा आक्षेप घेणाऱ्याने हेही मान्य करायला हवे की शून्य छिद्रांच्या आधारावर समुद्र मांडण्यापेक्षा दोन छिद्रांच्या आधारावर तो न मांडणे अधिक शहाणपणाचे आहे.

दगडात समुद्र शोधणाऱ्याच्या घरी तो समुद्र बहुधा आधीच येऊन बसलेला असतो, आणि काखेत कळसा अशी ही अवस्था आहे. मराठी घरांतील अनेक देवघरांत शाळिग्राम असतो, कार्तिकात तुळशीचे लग्न त्याच्याशी लागते, आणि त्याला प्राणप्रतिष्ठेची गरज नाही असे परंपरा सांगते. हा काळा गुळगुळीत गोटा नेपाळातील मुक्तिनाथ-दामोदरकुंड परिसरातून, काली गंडकीच्या पात्रातून येतो. स्पितीपासून नेपाळपर्यंत पसरलेल्या, जुरासिक काळाच्या अखेरीच्या म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या काळ्या शेल दगडात अमोनाइटाच्या कवचाभोवती खनिजे घट्ट साकळून त्याचा गोळा बनतो, नदी तो सोडवते, घासते आणि वाहून आणते. फुटलेल्या गोळ्याच्या मुखातून जे चक्र दिसते ते त्या कवचाचे वळण होय. काश्मीरपासून नेपाळपर्यंतच्या हिमालयातील या थरांच्या जीवसृष्टीवर व्हिक्टर उलिग याने विसाव्या शतकाच्या आरंभी जो ग्रंथराज रचला, त्यात वर्णिलेल्या जातींचे नातलग पुण्यातील कितीतरी देव्हाऱ्यांत रोज गंध-तुळस घेत आहेत.

या शाळिग्रामाविषयी दोन मते परस्परविरोधी असूनही सारखीच चुकीची आहेत. पहिले मत पारंपरिक : वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून चक्रे उमटवतो. किडा कोरतो तेव्हा दगड कमी होतो, कोरलेली वाट हवी तशी वळते आणि दोन किडे एकच नक्षी काढत नाहीत. उलट शाळिग्रामातील बरगड्या उठावाच्या असतात, फुटलेल्या गोळ्याच्या एका अर्ध्यावर जी बरगडी उंच ती दुसऱ्या अर्ध्यावर खोल असते, आणि एकाच जातीच्या शेकडो नमुन्यांत बरगड्या त्याच अंतराने दुभंगतात. ही शिस्त कोरणाऱ्याची नसून वाढणाऱ्याची आहे. मात्र वज्रकीटाच्या कथेला एक श्रेय दिले पाहिजे : ही आकृती निर्जीव दगडाने आपोआप केलेली नाही, तिच्यामागे एक जीव आहे, एवढे तिने ओळखले होते, आणि दोरखंडी लाव्हात बाहू पाहणाऱ्या आधुनिकापेक्षा ती तेवढ्यापुरती सत्याच्या जवळ होती. दुसरे मत स्वतःला बुद्धिवादी म्हणवणाऱ्याचे : शाळिग्राम म्हणजे मेलेली गोगलगाय, दुसरे काही नाही. पूजेची टिंगल करण्याच्या घाईत या टीकाकाराने प्राणिशास्त्र मात्र वाऱ्यावर सोडले आहे. गोगलगायीचे कवच ही टोकापर्यंत एकच सलग पोकळी असते. अमोनाइटाचे कवच आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेले असते, प्राणी फक्त शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहतो, मागच्या कप्प्यांतून एक बारीक नळी जाते जिच्या साहाय्याने कप्प्यांतील पाणी काढून तेथे वायू भरता येतो, आणि पडदा जेथे कवचाला मिळतो तेथे नागमोडी, कधी कधी पालवीसारखी गुंतागुंतीची सीवनरेषा उमटते. कप्पे, नळी आणि सीवनरेषा ही ओळख पटवणारी तीन लक्षणे होत. वेटोळे हे लक्षणच नव्हे, ते तर फायसालाही आहे, मेंढ्याच्या शिंगालाही आहे आणि दोरखंडी लाव्हालाही आहे.

कप्प्यांचे हे तंत्र आजही जिवंत आहे. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेस म्हणून जे पांढरे, हलके, खडूसारखे पाते मिळते आणि पिंजऱ्यातील पोपटाला चोच घासायला जे देतात, ते समुद्राच्या फेसाचे नसून माकुलाच्या एका भाऊबंदाचे अंतर्गत कवच आहे. ते मोडून भिंगाखाली धरले तर त्यात एकावर एक रचलेले बारीक मजले दिसतात आणि तो प्राणी त्यांतील पाणी-वायूचे प्रमाण बदलून तरंगतो. तरीही शाळिग्रामातील प्राण्याला माकुलाचा पूर्वज म्हणणे हा आणखी एक सैल समज होय. अमोनाइट आणि माकूल हे दोघेही सरळ कवचाच्या जुन्या शीर्षपादांपासून वेगवेगळ्या शाखांनी निघाले. त्यांचे नाते चुलत्याचे आहे, आजोबाचे नाही. दिसायला अमोनाइट आजच्या कवचधारी नॉटिलससारखा असला, तरी जिभेवरच्या दातपट्टीच्या एका ओळीत नॉटिलसला तेरा घटक असतात, माकुलांना नऊ असतात, आणि जेथे ही पट्टी जीवाश्मात टिकली आहे तेथे अमोनाइट माकुलाच्या बाजूने साक्ष देतो. जवळचे नाते बाहेरच्या रूपात न दिसता तोंडाच्या आत सापडावे, यात आकृतीवर विसंबणाऱ्यांना पुरेसा इशारा आहे.

आता आकाराचा प्रश्न. प्राचीन शीर्षपाद प्रचंड होते, हे नाकारण्याचे कारण नाही. जर्मनीतील झेप्पेनराडे येथे १८९५ मध्ये मिळालेला पारापुझोसिया हा अमोनाइट सुमारे पावणेदोन मीटर व्यासाचा आहे, आणि त्याचा राहण्याचा कप्पा अपुरा असल्याने मूळ कवच त्याहून बरेच मोठे असणार. २०२१ मध्ये क्रिस्टीना इफ्रिम आणि सहकाऱ्यांनी इंग्लंड व मेक्सिको येथील दीडशेहून अधिक नमुन्यांच्या आधारे या वंशाचा आकार अटलांटिकच्या दोन्ही काठांवर कसा वाढत गेला ते दाखवले. येथे मोजपट्टी आहे, नमुने आहेत, थरांचा क्रम आहे. याच्या शेजारी एंडोसेरास या सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या सरळ शंकूसारख्या शीर्षपादाची कथा ठेवून पाहावी. हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याचा सुमारे तीन मीटरांचा तुकडा आहे आणि त्यावरून सहा मीटरांच्या आसपासचे पूर्ण कवच कल्पिता येते. परंतु पुस्तकांतून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून नऊ, दहा, अकरा मीटर असे आकडे फिरत राहतात, ज्यांच्या मुळाशी कधीतरी रानात पाहिलेल्या आणि कोणत्याही संग्रहात न पोहोचलेल्या एका नमुन्याची ऐकीव नोंद आहे. तीनचे सहा करणे हे अनुमान होय. सहाचे अकरा करणे ही राई आणि पर्वताची जुनी गोष्ट होय.

कॅन्ससच्या खडूथरांतील टुसोट्यूथिस या शीर्षपादाचे प्रकरण अधिक बोधक आहे, कारण तेथे आकडाच नव्हे तर कुळही चुकले. पाठीच्या आत असणारे शिंगासारख्या द्रव्याचे त्याचे लांब पाते मिळाले तेव्हा आजच्या महाकाय माकुलाच्या मापाने बाहू जोडून दहा-अकरा मीटरांचा राक्षस उभा केला गेला. पुढे पात्याची रचना बारकाईने पाहिल्यावर तो माकुलांपेक्षा आठ बाहूंच्या, लांब स्पर्शक नसलेल्या अष्टपाद शाखेला जवळचा ठरला आणि माप त्यामुळे आपोआप खाली आले. आजच्या महाकाय माकुलाची बारा-तेरा मीटर लांबीही बहुतांशी दोन लांब स्पर्शकांची असते, हे चित्रकार सहसा सांगत नाहीत.

या सगळ्या अतिशयोक्तींचा कळस २०११ च्या ऑक्टोबरमध्ये गाठला गेला. मिनियापोलिस येथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात मार्क मॅकमेनामिन या प्राध्यापकाने मांडले, की नेव्हाडातील ट्रायासिक थरांत सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीच्या शोनिसॉरस या प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे जे सांगाडे एकत्र पडलेले आहेत ते सुमारे तीस मीटर लांबीच्या, अष्टपादासारख्या एका अज्ञात शीर्षपादाने मारून आपल्या बिळाशी आणून टाकले, आणि मणक्यांच्या चकत्या दोन ओळींत मांडून त्याने आपल्याच बाहूवरील चूषकांचे चित्र रचले. म्हणजे तो केवळ राक्षस नव्हता, तर जगातला पहिला आत्मचित्रकारही होता. या राक्षसाचा जबडा नाही, पाते नाही, बाहूवरचा आकडा नाही, शाई नाही. जे आहे ते दुसऱ्याच प्राण्याचे मणके. सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याजवळ निदान सूत तरी असते.

या मताच्या समर्थकांचा सर्वांत मजबूत मुद्दा टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. ते म्हणतात, शीर्षपादांचे अंग मऊ असते, ते कुजून जाते, म्हणून अवशेष न सापडणे हा त्यांच्या नसण्याचा पुरावा ठरत नाही. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे निर्दोष आहे. पण न सापडणे हा असण्याचा पुरावा ठरतो, असे त्यातून निघत नाही, आणि शिवाय त्याचा पहिला चरणच अर्धा खरा आहे. अष्टपादाच्या मऊ शरीरातही एक टणक अवयव असतोच, तो म्हणजे पोपटाच्या चोचीसारखा जबडा. जपानच्या होक्काइदो बेटावर २००६ मध्ये वर्णिलेल्या अशा एका जबड्यावरूनच येझोट्यूथिस हा आजच्या महाकाय माकुलाच्या तोडीचा प्राणी ओळखला गेला, आणि २०२५ मध्ये तेथील संशोधकांनी दगड पातळ पातळ घासत, प्रत्येक पृष्ठाची प्रतिमा घेऊन, क्रिटेशस थरांतून माकुलांचे शेकडो बारीक जबडे शोधून काढले. इंग्लंडच्या जुरासिक थरांत तर बेलेम्नाइटांच्या, म्हणजे गोळीसारखे टोकदार अंतर्गत कवच असणाऱ्या माकुलांच्या आप्तांच्या, शाईच्या पिशव्या इतक्या शाबूत सापडल्या की ती शाई पाण्यात खलून एकोणिसाव्या शतकात तिने चित्रे काढली गेली. ज्या गटाने शाईसुद्धा मागे ठेवली त्याच्या तीस मीटर लांब सभासदाने एक चोचही ठेवू नये, हे पटवण्याची जबाबदारी दाव्याची आहे, आक्षेपाची नाही. २०१३ मध्ये मॅकमेनामिन यांनी चोचीचा म्हणून एक तुकडा पुढे केला. तो एवढा अपुरा होता की त्याच्यावरून प्राणी ठरवण्याऐवजी प्राण्यावरून तो तुकडा ठरवावा लागला.

मणक्यांच्या दोन ओळींना राक्षसाची गरजही नाही. शोनिसॉरसचे मणके दोन्ही बाजूंनी खोलगट, जाड चकत्यांसारखे असतात. मांस कुजले की अशा चकत्या आडव्या पडतात आणि लोटल्या जाऊन शेजारी-शेजारी स्थिरावतात. एकाच ठिकाणी एवढे सांगाडे का, या खऱ्या प्रश्नावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या काम होत आले आहे. १९५० च्या दशकात चार्ल्स कॅम्प याला हे प्राणी उथळ पाण्यात अडकून मेले असे वाटले. पुढच्या अभ्यासात ते थर खोल पाण्याचे ठरले. आणि २०२२ मध्ये नील केली, रँडल अर्मिस, निकोलस पायेनसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की त्या परिसरात मोठ्या प्राण्यांबरोबर गर्भांची आणि नवजात पिल्लांची हाडे आहेत, मधल्या वयाची जवळजवळ नाहीत, तेव्हा ते बाळंतपणासाठी पिढ्यान्‌पिढ्या येण्याचे ठिकाण असावे. साप म्हणून भुई धोपटण्याचे काम चालू होते तेव्हा जवळच बाळंतिणीची खोली होती. कल्पनेचा अभाव हा शास्त्रज्ञांचा दोष असल्याची तक्रार नेहमी ऐकू येते. येथे मात्र पिल्लांच्या बारक्या हाडांतून निघालेली कथा राक्षसाच्या कथेपेक्षा अधिक कल्पक आहे, आणि तिला हाडे आहेत.

दापोडीच्या दगडावर अलीकडे आणखी एक आरोप होऊ लागला आहे, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट आहे : या दगडात अमोनाइट नसतील, पण यानेच त्यांना मारले. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांबरोबरच, संपले. दक्खन ट्रॅपचे उद्रेकही त्याच सुमारास, दहा लाखांहून कमी वर्षांत, बहुतांशी उरकले. आणि गेर्टा केलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी विनाशाचे मुख्य श्रेय मेक्सिकोत आदळलेल्या अशनीऐवजी दख्खनला दिले. मराठी मनाला हे श्रेय सुखावते, म्हणून त्याकडे अधिक कठोरपणे पाहिले पाहिजे. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’ नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन गटांनी सह्याद्रीच्या थरांची वये प्रसिद्ध केली. ब्लेअर शोएन यांच्या गटाने लाव्हाच्या थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यांतून राखेबरोबर आलेले झिरकॉनचे कण वेचून युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढले आणि विनाशाच्या थोडे आधी एक मोठा उद्रेक झाल्याचे सांगितले. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने बेसाल्टमधील फेल्डस्पारवर आर्गॉन पद्धत वापरली आणि लाव्हाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग विनाशानंतर बाहेर आला असे ठरवले. त्याच घाटांतले दगड, त्याच आठवड्यातला अंक, आणि आरोपी गुन्ह्याच्या वेळी कोठे होता यावर दोन निष्कर्ष. २०२० मध्ये पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांनी समुद्रातील गाळाच्या आधारे दाखवले की लाव्हाबरोबर सुटलेल्या वायूंनी पृथ्वी तापवली ती बरीच आधी, आणि ती उष्णता विनाशाच्या वेळेपर्यंत ओसरली होती. दख्खन निर्दोष सुटली असे यावरून म्हणता येत नाही, परंतु तिच्यावर खुनाचा गुन्हा सिद्ध झाल्यासारखे लिहिणाऱ्यांनी निकालपत्र वाचलेले नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

शिवाय मारेकरी कोण, हा प्रश्न विचारताना मेलेल्याची प्रकृती तपासायची राहून जाते. त्याच समुद्रात नॉटिलसाचे कुळही होते आणि ते वाचले, माकुलांचेही वाचले. कवच, कप्पे, वेटोळे हे सगळे नॉटिलस आणि अमोनाइट यांच्यात समान होते, तेव्हा फरक दुसरीकडे असला पाहिजे, आणि तो कवचाच्या अगदी मध्यभागी, वेटोळ्याच्या आरंभबिंदूशी वाचता येतो. अमोनाइटाचे पिलू अंड्यातून बाहेर पडे तेव्हा त्याचे कवच जेमतेम एक मिलिमीटर असे, आणि ते समुद्राच्या वरच्या थरात सूक्ष्म जीवांबरोबर तरंगत वाढे. अशनीच्या आघातानंतर त्याच वरच्या थराचे पाणी आम्लधर्मी झाले आणि तेथील अन्नसाखळी तुटली. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स किनाऱ्यावरील काही नमुन्यांवरून थोडे अमोनाइट या संकटानंतरही काही काळ टिकले असावेत असे दिसते, पण त्यांची प्रजा पुढे चालली नाही. नॉटिलसाचे पिलू अंड्यातच जवळजवळ वर्षभर राहते, अंड्यातील बलकावर वाढते, आणि सुमारे अडीच सेंटिमीटरचे तयार कवच घेऊन बाहेर येते. पावणेदोन मीटरांचा पारापुझोसियाही अंड्यातून निघाला होता तो एका मिलिमीटरच्या कवचानिशी.